व्होल्ट आणि अँपिअर हाताशी असले की ओहम आणि वॅट कसे काढायचे

माझ्यासमोर टेबलावर गाडीच्या इंडिकेटरचा एक बल्ब आहे. त्याच्या पितळी टोपीवर बारीक अक्षरांत १२ व्होल्ट, २१ वॅट असं लिहिलंय. मल्टिमीटर (व्होल्ट, अँपिअर आणि ओहम मोजणारं मीटर) ओहमवर लावून बल्बच्या दोन टोकांना त्याचे प्रोब, म्हणजे तारांची टोकं, टेकवले तर आकडा येतो ०.९. प्रोब नुसते एकमेकांना टेकवले तरी ०.३ दिसतं, म्हणजे तेवढा रोध, करंटला होणारा अडथळा, मीटरच्या तारांचाच. बल्बच्या वाट्याला उरले ०.६ ओहम. आता कागदावर करून बघू. २१ वॅटला १२ व्होल्टने भागलं की करंट १.७५ अँपिअर. १२ भागिले १.७५ म्हणजे रोध ६.८६ ओहम. बल्ब एकच, रोध दोन, आणि त्यांत अकरापटीहून जास्त फरक.

मीटर बिघडलेलं नाही, भागाकारही चुकलेला नाही. मीटरने मोजला तो थंड फिलामेंटचा, म्हणजे बल्बातल्या बारीक टंगस्टनच्या तारेचा, रोध. कागदावर आला तो पेटलेल्या, पांढऱ्याशुभ्र तापलेल्या फिलामेंटचा. टंगस्टन तापला की त्याचा रोध वाढतो, आणि पेटलेल्या बल्बात तो हजारो अंश तापलेला असतो. मीटर रोध मोजताना इतका किरकोळ करंट सोडतं की फिलामेंट कोमटसुद्धा होत नाही.

हे आधीच सांगून टाकलं, कारण या विषयातली सूत्रं शाळकरी पोरालाही पाठ असतात आणि तरी उत्तरं चुकतात. चूक बहुतेक वेळा गुणाकार-भागाकारात नसते. व्होल्टेज एका वस्तूचं आणि करंट दुसऱ्याच वस्तूचा घेतला जातो, किंवा वस्तू एकच पण क्षण वेगळे असतात. ज्या तुकड्याचा रोध हवा त्याच्याच दोन टोकांमधलं व्होल्टेज आणि त्याच क्षणी त्याच्यातूनच जाणारा करंट, एवढं सांभाळलं की बाकीचं सोपं आहे.

दोन सूत्रं आणि त्यांची पिल्लं

रोध = व्होल्टेज ÷ करंट
शक्ती = व्होल्टेज × करंट

व्होल्ट आणि अँपिअर घातले की पहिल्यातून ओहम मिळतात, दुसऱ्यातून वॅट. शाळेच्या पुस्तकात विभवांतर म्हणतात तेच व्होल्टेज, विद्युतधारा म्हणतात तोच करंट. कामाच्या टेबलावर कुणी विभवांतर म्हणत नाही, म्हणून मीही इथे म्हणणार नाही.

पहिलं सूत्र दुसऱ्यात बसवलं की आणखी दोन रूपं निघतात:

शक्ती = करंट × करंट × रोध
शक्ती = व्होल्टेज × व्होल्टेज ÷ रोध

चारही सूत्रं एकाच ओळीत पाठ करायची सवय असते, पण त्यांचा दर्जा सारखा नाही. व्होल्टेज गुणिले करंट हे कोणत्याही क्षणी, कोणत्याही वस्तूला लागू पडतं: बल्ब, मोटर, बॅटरी, मोबाइलचा चार्जर, काहीही असो. खालची दोन रूपं मात्र जिथे सगळी वीज रोधात उष्णता होऊन संपते तिथलीच. मोटरला ती आंधळेपणाने लावली की काय होतं ते पुढे येईलच.

गेओर्ग ओहम या जर्मन शास्त्रज्ञाने हा संबंध १८२६-२७ मध्ये मांडला. त्याचा प्रयोग आजही शिकण्यासारखा आहे. त्या काळच्या बॅटऱ्यांचं व्होल्टेज वापरता वापरता ढासळायचं, त्यामुळे तार बदलली की करंट नेमका तारेमुळे बदलला की बॅटरीमुळे, हेच कळेना. मग त्याने बॅटरी बाजूला ठेवली आणि बिस्मथ-तांब्याची जोडी घेतली; तिच्या दोन टोकांचं तापमान वेगळं असलं की ती व्होल्टेज देते. तिचं एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. दोन्ही तापमानं हलत नाहीत, म्हणून मिळणारं व्होल्टेज फार छोटं असलं तरी ठाम राहतं. एक गोष्ट स्थिर धरली तेव्हा कुठे दुसरी दोन मोजता आली. तापलेल्या तारेत किती उष्णता निर्माण होते ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात, हे जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ मध्ये दाखवलं. तेच वरचं तिसरं सूत्र.

एककांची गफलत

मिलिअँपिअरला अँपिअर समजून भागाकार केला की उत्तर हजारपटीने चुकतं, आणि अशी चूक सगळ्यांच्या हातून होते. माझ्याही झाली आहे. खात्रीचा उपाय म्हणजे आधी सगळं व्होल्ट आणि अँपिअरमध्ये लिहून घ्यायचं. २० मिलिअँपिअर म्हणजे ०.०२ अँपिअर, २५० मिलिव्होल्ट म्हणजे ०.२५ व्होल्ट.

हात बसला की एक आडवाट वापरता येते. व्होल्टला मिलिअँपिअरने भागलं की उत्तर थेट किलोओहममध्ये येतं. व्होल्ट गुणिले मिलिअँपिअर केलं की थेट मिलिवॅट. ५ व्होल्ट आणि २ मिलिअँपिअर असेल तर २.५ किलोओहम आणि १० मिलिवॅट. इलेक्ट्रॉनिक्सचं काम करणारे बहुतेक जण मनात याच जोड्या फिरवतात.

प्रत्यक्ष मोजणी

समजा एक पांढरा सिरॅमिक रेझिस्टर (ठरावीक रोध देणारा भाग) आहे, त्याच्यावरचं छापील पुसलं गेलंय, आणि १२ व्होल्टचा डीसी (एकाच दिशेने करंट देणारा) अ‍ॅडॅप्टर आहे. रोध काढायचाय आणि त्यात किती वॅट जिरतात तेही बघायचंय.

करंटसाठी मीटर एकसर जोडावं लागतं, म्हणजे सर्किट एका जागी तोडून त्या फटीत मीटर घालायचं, सगळा करंट मीटरमधूनच गेला पाहिजे. व्होल्टेजसाठी काही तोडायचं नाही. दोन प्रोब रेझिस्टरच्या दोन पायांना टेकवायचे, ही समांतर जोडणी. दोन मीटर असतील तर दोन्ही आकडे एकाच वेळी दिसतात, आणि ते उत्तम. मीटर एकच असेल तर आधी करंट मोजून मग व्होल्टेज मोजता येतं, पण त्यात एक खोच आहे: करंट मोजताना मीटरही सर्किटचा भाग असतं, आणि ते काढून घेतलं की सर्किट किंचित बदलतं. करंट लहान असेल तर मीटरच्या आतला रोध चांगला जाणवतो. अशा वेळी माहीत असलेला छोटा रोध, समजा १ ओहमचा, कायमचा एकसर ठेवून द्यायचा आणि त्याच्यावरचं व्होल्टेज मोजायचं. १ ओहमवर ०.२५२ व्होल्ट दिसले की करंट ०.२५२ अँपिअर. मग सगळं काम व्होल्टमीटरवरच भागतं.

मोजणीचा क्रम असा ठेवा:

१. सप्लाय बंद असताना जोडणी करा. करंटची रेंज मोठीच धरा आणि लाल प्रोब त्याच रेंजच्या भोकात आहे हे डोळ्यांनी बघा.
२. अ‍ॅडॅप्टर नुसता असताना, काहीही न जोडता, त्याचं व्होल्टेज पहिल्या पायरीच्या आधीच टिपून ठेवा.
३. सप्लाय चालू करून रेझिस्टर तापून स्थिरावू द्या. आकडा सरकायचा थांबला की व्होल्टेज आणि करंट एकाच वेळी लिहा.
४. सप्लाय बंद. करंट मोजून झाला की लाल प्रोब लगेच व्होल्टच्या भोकात परत.

चौथी पायरी विसरलात तर पुढच्या वेळी व्होल्टेज मोजायला जाल आणि नकळत सप्लाय शॉर्ट कराल. करंटच्या भोकात मीटर म्हणजे जवळजवळ नुसती तार असते.

माझे आकडे: अ‍ॅडॅप्टर रिकामा असताना १२.१५ व्होल्ट, जोडल्यावर रेझिस्टरच्या पायांवर ११.८४ व्होल्ट, करंट ०.२५२ अँपिअर.

रोध: ११.८४ ÷ ०.२५२ = ४६.९८. बाजारात ४७ ओहमचा रेझिस्टर मिळतो, तोच हा असणार.
शक्ती: ११.८४ × ०.२५२ = २.९८ वॅट.

पडताळा दुसऱ्या सूत्राने घ्यायचा. ०.२५२ × ०.२५२ × ४७ = २.९८. जुळलं. न जुळतं तर आकडा लिहिताना कुठे तरी हात घसरला असं समजायचं.

आता गंमत बघा. घाईघाईत अ‍ॅडॅप्टरचे रिकामे १२.१५ व्होल्ट घेऊन भागाकार केला असता तर उत्तर आलं असतं ४८.२ ओहम. फार मोठी चूक नाही, पण ती आली कुठून? मधले ०.३१ व्होल्ट वाटेत पडले: थोडे अ‍ॅडॅप्टरच्या आत, थोडे तारांत, थोडे करंट मोजणाऱ्या मीटरमध्ये. त्या सगळ्यांचा मिळून रोध किती? ०.३१ ÷ ०.२५२ = १.२३ ओहम. वापरलं तेच सूत्र, नुसता तुकडा बदलला. व्होल्टेज कुठल्या दोन बिंदूंमधलं, यावर उत्तर कुणाचं ते ठरतं.

रोध फार मोठा असेल तर उलटा त्रास. साध्या डिजिटल मल्टिमीटरचा व्होल्टेज मोजतानाचा आतला रोध बहुधा १० मेगाओहम असतो. ४७ ओहमशेजारी तो नसल्यासारखाच, पण ४.७ मेगाओहमचा रेझिस्टर मोजायचा झाला तर मीटर स्वतःच पुष्कळ करंट पिऊन टाकतं. १० व्होल्टवर रेझिस्टरमधून २.१ मायक्रोअँपिअर जातात आणि व्होल्टमीटरमधून १. करंटमीटर दोघांची बेरीज दाखवतं आणि भागाकाराचं उत्तर येतं जेमतेम ३.२ मेगाओहम. म्हणून रोध लहान असताना व्होल्टमीटर थेट वस्तूच्या पायांवर, आणि रोध प्रचंड असताना करंटमीटरच्या अलीकडे, सप्लायच्या बाजूला जोडायचं. करंटमीटरवर पडणारं व्होल्टेज मग मोजणीत येतं खरं, पण मेगाओहमच्या हिशोबात ते खिजगणतीत नसतं.

रोध वाढला की उष्णता वाढते की घटते?

हा प्रश्न मी आवर्जून विचारतो, कारण दोन्ही उत्तरं सूत्रासकट समोर येतात. करंट × करंट × रोध म्हणतं, वाढते. व्होल्टेज × व्होल्टेज ÷ रोध म्हणतं, घटते. भांडण मिटवायला एकच विचारायचं: स्थिर काय आहे?

भिंतीतल्या सॉकेटला लावायच्या वस्तूंमध्ये व्होल्टेज स्थिर. २३० व्होल्टवर २००० वॅटचा हीटर घ्या. करंट २००० ÷ २३० = ८.७ अँपिअर, रोध २३० ÷ ८.७ = २६.४ ओहम. आता याच हीटरची कॉइल तुटली आणि कुणी तुटका भाग कापून उरलेली कॉइल ताणून जोडली, समजा पंचमांश लांबी कमी झाली. रोध उरला २१.१ ओहम. करंट झाला १०.९ अँपिअर आणि शक्ती २५०० वॅट. रोध कमी केला तर हीटर जास्त तापला, आणि कॉइल, वायर, प्लग सगळ्यांवर मूळ हिशोबापेक्षा जास्त भार आला. कापून जोडलेली कॉइल पुन्हा लवकर तुटते त्याचं एक कारण हेच.

व्होल्टेज उतरलं की काय होतं तेही इथेच बघून घेऊ. हीटरची कॉइल सहसा नायक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची) असते आणि नायक्रोमचा रोध तापमानाने फारसा बदलत नाही, म्हणून त्याला स्थिर मानायला हरकत नाही. २३० च्या जागी २०७ व्होल्ट मिळाले, म्हणजे फक्त १० टक्के कमी. शक्ती मात्र २०७ × २०७ ÷ २६.४५ = १६२० वॅट, म्हणजे १९ टक्के कमी. व्होल्टेज घसरलं की करंटही त्याच्यासोबत घसरतो, म्हणून दुहेरी मार.

आता एकसर जोडणी घ्या, जिथे करंट सगळीकडे सारखा. २३० व्होल्टचे दोन साधे फिलामेंटचे बल्ब, एक १०० वॅटचा आणि एक ४० वॅटचा, एकामागे एक जोडून सप्लायला लावले. कोणता जास्त उजळेल? पैज लावणारे बहुतेक १०० वर लावतात आणि हरतात. १०० वॅटचा रोध २३० × २३० ÷ १०० = ५२९ ओहम, ४० वॅटचा १३२२.५ ओहम. दोन्ही मिळून १८५१.५, करंट ०.१२४ अँपिअर. ४० वॅटच्या बल्बाला मिळतात २०.४ वॅट, १०० वॅटच्या बल्बाला ८.२. प्रत्यक्षात हे आकडे थोडे हलतात, कारण १०० वॅटचा बल्ब इतका थंड राहतो की त्याचा रोध आणखी खाली येतो आणि त्याच्या वाट्याची शक्तीही. म्हणजे खऱ्या जगात फरक कागदापेक्षाही मोठा दिसतो.

टोपीवर किंवा पाटीवर लिहिलेले वॅट हा त्या वस्तूचा स्वभाव नव्हे. इतके व्होल्ट दिले तर इतके वॅट, एवढंच ते वचन असतं.

रेझिस्टर निवडताना: ओहम बघितले, वॅट राहिले

एलईडीचं उदाहरण सगळीकडे सापडतं, तरी त्यातला अर्धाच भाग नीट केला जातो. ९ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी पेटल्यावर त्याच्यावर साधारण २ व्होल्ट, आणि करंट हवा २० मिलिअँपिअर. रेझिस्टरच्या वाट्याला येतात ९ वजा २, म्हणजे ७ व्होल्ट. इथेच नवशिके ९ ने भागतात. ७ ÷ ०.०२ = ३५० ओहम. नेमका ३५० मिळत नाही. जवळचा वरचा घ्या, ३६० किंवा ३९०. शक्ती ७ × ०.०२ = ०.१४ वॅट, तेव्हा पाव वॅटचा रेझिस्टर चालून जातो.

आता एकदा मी काय केलं ते सांगतो. २४ व्होल्टच्या सप्लायवर थोडासा भार हवा होता म्हणून हाताशी आला तो १०० ओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर लावला. ओहम बरोबर होते, करंटही मनात धरला तेवढाच: ०.२४ अँपिअर. वॅटचा गुणाकार करायचा राहिला. २४ × ०.२४ = ५.७६ वॅट, म्हणजे सोसेल त्याच्या तेवीसपट. आधी रंगाचे पट्टे तपकिरी झाले, मग एक बारीक धुराची रेघ आणि तो विशिष्ट वास, जो नाकात दोन दिवस राहतो. पट्टे जळाल्यामुळे तो किती ओहमचा होता हेही नंतर कुणाला वाचता आलं नसतं.

निवडताना हिशोबातल्या वॅटच्या साधारण दुप्पट क्षमतेचा घ्यायचा. लिहिलेली क्षमता मोकळ्या हवेतली आणि ठरावीक तापमानापर्यंतची असते. बंद डबीत, दुसऱ्या तापलेल्या भागाशेजारी तो तेवढं सोसत नाही.

तारा आणि सैल जोड

तांब्याची १ चौरस मिलिमीटर जाडीची तार दर मीटरला ०.०१७२ ओहम रोध देते. हा एकच आकडा लक्षात ठेवला तरी खूप कामं होतात. १.५ चौरस मिलिमीटरची वायर २० मीटर लांब नेली. करंट जातो आणि परतही येतो, म्हणून लांबी ४० मीटर धरायची, ही विसरायची गोष्ट नव्हे. रोध ०.०१७२ × ४० ÷ १.५ = ०.४६ ओहम. १० अँपिअर वाहिले तर वायरवर ४.६ व्होल्ट पडतात आणि ४६ वॅट उष्णता होते. २३० व्होल्टमध्ये ४.६ व्होल्ट कुणाला कळणारही नाहीत, पण हीच वायर १२ व्होल्टच्या भाराला वापरली तर एक तृतीयांशाहून जास्त व्होल्टेज वाटेतच संपेल. कमी व्होल्टेजच्या कामात वायर जाड का लागते ते या एका गुणाकारात आहे.

४६ वॅट ४० मीटरवर पसरलेले असतात, वायर कोमट होते एवढंच. त्यापेक्षा सैल प्लग वाईट. पिनेवर काजळी धरून जोडाचा रोध ०.२ ओहम झाला आणि १० अँपिअर वाहिले, तर १० × १० × ०.२ = २० वॅट, आणि ते सगळे पिनेच्या टोकाएवढ्या जागेत. २० वॅटची सोल्डरिंग आयर्न टिन वितळवते. प्लग वितळतो त्यात नवल नाही. इथे करंट हीटरच ठरवतो, जोडाचा रोध त्यापुढे नगण्य असतो, म्हणून करंटच्या वर्गाचं सूत्र लावायचं. २३० चा वर्ग घेऊन ०.२ ने भागाल तर अडीच लाखांहून जास्त वॅट येतील. असं भलतंच उत्तर आलं की दुसऱ्या तुकड्याचं व्होल्टेज घुसलंय हे ओळखायचं.

जिथे भागाकार होतो, पण रोध मिळत नाही

१२ व्होल्टची छोटी डीसी मोटर, फिरताना करंट १.२ अँपिअर. १२ ÷ १.२ = १० ओहम. वाइंडिंगचा, म्हणजे आतल्या गुंडाळलेल्या तारेचा, रोध मात्र मीटर १.५ ओहम दाखवतं. बल्बासारखं तापल्यामुळे वाढला असेल? नाही, तांबं इतकं तापलं असतं तर मोटर केव्हाच जळाली असती. फिरणारी मोटर स्वतःच उलट व्होल्टेज तयार करते. वाइंडिंगवर पडतात फक्त १.२ × १.५ = १.८ व्होल्ट, उरलेले १०.२ व्होल्ट त्या उलट व्होल्टेजला तोलतात.

शक्तीचा हिशोब इथे फार बोलका होतो. मोटर घेते १२ × १.२ = १४.४ वॅट. त्यांतले १.२ × १.२ × १.५ = २.१६ वॅट वाइंडिंग तापवतात. बाकीचे सव्वाबारा वॅट फिरवण्याच्या कामी आणि घर्षणात. आता मोटर अडकली, फिरेना. उलट व्होल्टेज शून्य, करंट १२ ÷ १.५ = ८ अँपिअर, आणि ९६ वॅट, सगळेच्या सगळे उष्णता. अडकलेली मोटर मिनिटभरात का जळते हे यापेक्षा नीट सांगता येणार नाही.

एलईडीचंही तसंच. २ व्होल्ट आणि २० मिलिअँपिअरवरून १०० ओहम येतात, पण व्होल्टेज जरासं वाढवलं की करंट भसकन वाढतो. तो १०० हा आकडा त्या एका बिंदूपुरता. व्होल्टेज गुणिले करंट, ०.०४ वॅट, हे मात्र बरोबरच.

एसी असेल तर

घरच्या सॉकेटमधला करंट एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा. हीटर, इस्त्री, फिलामेंटचा बल्ब यांना वरचं सगळं जसंच्या तसं लागू, फक्त व्होल्टेज आणि करंट दोन्ही आरएमएस, म्हणजे तेवढीच उष्णता देणाऱ्या डीसीच्या बरोबरीचे, हवेत. मीटर तेच दाखवतं. २३० व्होल्ट म्हणतो ते आरएमएसच, त्याचं शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जातं. डिमर किंवा स्वस्त चार्जर लहर वेडीवाकडी करतात, तेव्हा ट्रू आरएमएस असं लिहिलेलं मीटरच विश्वासाचं.

पंखा, ट्रान्सफॉर्मर, चार्जर यांत व्होल्टेज आणि करंट एकाच तालात चालत नाहीत. २३० व्होल्टवर ०.५ अँपिअर मोजला तर गुणाकार ११५ येतो, पण ते व्होल्ट-अँपिअर. पॉवर फॅक्टर, म्हणजे त्यातला खरोखर वॅट होणारा हिस्सा, ०.६ असेल तर वॅट फक्त ६९. दोन मीटरच्या आकड्यांवरून पॉवर फॅक्टर कळत नाही, त्यासाठी वॅटमीटरच हवं. आणि ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला (सप्लायकडच्या वाइंडिंगला) ओहममीटर लावून करंट काढायला जाऊ नका. ४० ओहम दिसले म्हणून २३० ÷ ४० = ५.७५ अँपिअर वाहतील असं वाटेल, आणि प्रत्यक्षात भार नसताना छोटा ट्रान्सफॉर्मर मिलिअँपिअरमध्येच मोजावा इतका करंट घेईल. एसीला रोधापेक्षा वाइंडिंगचं चुंबकीय अडवणं जास्त नडतं.

सॉकेटच्या व्होल्टेजवर तारा उघड्या करून करंट मोजण्याच्या फंदात पडू नका. क्लॅम्प मीटर (वायर न तोडता करंट मोजणारा चिमटा) एका वायरभोवती लावला की काम होतं. दोन्ही वायरी मिळून लावलात तर आकडा शून्य येईल, जाणारा-येणारा करंट एकमेकांना खोडतात.

दशांश किती लिहायचे

कॅल्क्युलेटर ४६.९८४१२७ दाखवतो म्हणून तेवढं खरं नसतं. व्होल्टेज १ टक्क्याने आणि करंट २ टक्क्यांनी चुकू शकत असेल तर भागाकार वाईटात वाईट ३ टक्क्यांनी चुकेल, गुणाकारही तेवढाच. करंटचा वर्ग घेतला की त्याची चूक दुप्पट मोजायची. तेव्हा ४७ लिहा आणि पुढे चला.

ओहमने मोजता न येणारी बॅटरी

बॅटरीच्या आतला रोध ओहममीटरने मोजत नाहीत. त्या रेंजवर मीटर स्वतःचं व्होल्टेज पाठवतं, समोर बॅटरीचं व्होल्टेज आलं की आकडा निरर्थक होतो, मीटरही बिघडू शकतं. त्यासाठी दोन वाचनं पुरतात. एक जुनी, थकलेली बॅटरी: काही न जोडता १२.६ व्होल्ट, ५ अँपिअरचा भार लावल्यावर १२.१. फरक ०.५ व्होल्ट, भागिले ५, आतला रोध ०.१ ओहम. भाराला मिळाले ६०.५ वॅट, बॅटरीच्या पोटात २.५ वॅट जिरले.

हाच आकडा धरून पुढचा भागाकार करा: १२.६ ÷ ०.१ = १२६ अँपिअर. बॅटरीच्या दोन टोकांना थेट करंटमीटर टेकवलं तर आतून एवढा करंट यायला बघतो. मी हा भागाकार केला तेव्हा मीटरचा फ्यूज उडून दहा मिनिटं झाली होती, आणि लाल प्रोबच्या टोकाला एक छोटा काळा खड्डा पडला होता.